घरातला कुत्रा गेल्यावर : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

घरच्या कुत्र्याच्या मृत्यूविषयी काही विचारायचं असेल तर लिहा, असं मागच्या अंकात म्हटलं होतं. रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या वाचकांची पत्रं आली. त्यांतली निवडक इथे घेतली आहेत. उत्तरं पशुवैद्यक आणि समुपदेशक यांनी मिळून दिली आहेत.

आमचा लॅब्रॅडॉर तेरा वर्षांचा आहे. डॉक्टरांनी थोडेच दिवस सांगितलेत. घराभोवती नऊ गुंठे जागा, त्यात विहीर आणि माड. ऐन आषाढात गेला तर पुरायचा कुठे? सासरे म्हणतात, माडाच्या आळ्यात, वर भरपूर मीठ घालून. – गुहागर

आधी विहिरीचं बघू. पिण्याच्या विहिरीपासून खड्डा किमान ५० मीटर, म्हणजे साधारण १६५ फूट लांब हवा आणि तोही उताराच्या खालच्या अंगाला. नऊ गुंठे चौरस धरले तर जागेची एक बाजू जेमतेम शंभर फूट भरते. त्यामुळे तुमच्या आवारात हे बसणं अवघड आहे. जांभा सच्छिद्र असतो, त्यातून पाणी गाळलं न जाता सरळ धावतं, आणि आषाढात विहिरी काठोकाठ आलेल्या असतात. भावकीत कुणाची काजूची बाग किंवा वरकस जमीन असेल तर आत्ताच शब्द टाकून ठेवा. ज्या दिवशी तो जाईल त्या दिवशी हे बोलणं जड जातं.

जागा ठरली की पावसाच्या उघडिपीत तिथे पहारीने हातभर रुंदीचा चार फूट खोल खड्डा घेऊन तासभर थांबा. तळाला पाणी साचलं तर जागा बाद. सड्यावर दीड-दोन फुटांत कातळ लागतो, तिथे वेळ घालवू नका. पुळणीत खणायला सोपं जातं म्हणून किनाऱ्यावर पुरणारे बरेच असतात. पण तिथे पाणी वरच असतं, उधाणाने वाळू सरकते आणि उरलेलं काम कोल्हे नि भटके कुत्रे करतात.

पंचवीस-तीस किलोच्या कुत्र्याला चार फूट लांब, अडीच फूट रुंद आणि चार फूट खोल खड्डा लागतो. शरीरावर तीन फूट माती आली पाहिजे. जुनी सुती चादर किंवा तागाचं गोणपाट गुंडाळा. नायलॉनची गोणी, प्लॅस्टिक, ताडपत्री नको, त्यात शरीर वर्षानुवर्षं तसंच राहतं. माती थराथराने दाबत भरा. वर सात-आठ इंचांचा उंचवटा ठेवा, कारण दोन-तीन मोठ्या सरींत माती बसते आणि खळगा पडून त्यात पाणी साठतं. त्यावर चार-सहा चिरे आडवे टाका आणि वरच्या बाजूने पाणी वळवायला वीतभर चर काढा.

मिठाबद्दल सासऱ्यांना हळूच सांगा की सुक्या मासळीला ज्या कामासाठी मीठ लावतात तेच काम ते इथेही करतं. कुजणं लांबतं. चुन्याचंही तसंच : वास थोडा दबतो, पण शरीर ‘विरघळतं’ ही समजूत खरी नाही. आळ्यात पुरण्याची कल्पना प्रेमाची असली तरी माडाची कामाची मुळं खोडापासून सहा फुटांच्या आतच दाट असतात, चार फूट खणताना ती तुटतात. आठवणीला झाड लावायचंच असेल तर एक पावसाळा जाऊ द्या आणि खड्ड्याच्या बाजूला दोन-तीन फुटांवर लावा. शरीर कुजताना निघणाऱ्या अमोनियाने कोवळी मुळं करपतात.

मृत्यूनंतर साधारण तीन तासांत अंग ताठरू लागतं, उकाड्यात त्याआधीही. म्हणून पहिल्या तासाभरातच पाय दुमडून त्याला नेहमी निजायचा तसा वळवून ठेवा, नाहीतर खड्डा दीडपट खणावा लागतो. मुंबईहून कुणी रात्रीच्या गाडीने निघालं असेल तर बंदरावरच्या बर्फ कारखान्यातून बर्फ आणा, प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरून पोटाशी आणि पाठीशी लावा, फरशीवर ठेवा. सकाळपर्यंत निभतं. बर्फाशिवाय सहा-आठ तासांच्या पुढे थांबू नका. हातात रबरी मोजे घाला. शरीर थंड झालं की गोचिड्या उतरून दुसरं अंग शोधतात, तेव्हा घरातलं दुसरं जनावर लांब ठेवा. आजाराचं कारण लेप्टो (लघवीतून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस) असेल किंवा कळलंच नसेल तर मोजे, गमबूट आणि नंतर साबणाने हातपाय धुणं यात सूट नाही.

आमचा मोती संध्याकाळी पुढचा पाय उचलून आला. काटा रुतला असेल म्हणून मी हळद लावली. रात्री पाय खांद्यापर्यंत सुजला, पहाटे हिरड्यांतून आणि लघवीतून रक्त आलं. तालुक्याला पोचेपर्यंत गेला. माझ्यामुळे गेला का? – देवगड

तुम्ही दिलेलं वर्णन फुरशाच्या दंशाशी जुळतं. घोणसही असंच करते, पण तुमच्या कातळसड्यांवर फुरसं जास्त. त्याच्या विषाने रक्त गोठवणारे घटक संपून जातात, मग हिरड्या, लघवी, आतडी असं कुठूनही रक्त वाहू लागतं. नाग किंवा मण्यार असती तर सुजेपेक्षा पापण्या जड होणं, मागचे पाय लुळे पडणं, श्वास मंदावणं दिसलं असतं.

संध्याकाळीच प्रतिविष मिळालं असतं तर तो वाचण्याची शक्यता नक्की वाढली असती. हे लपवून तुम्हाला बरं वाटणार नाही, कारण मनातल्या मनात तुम्हाला ते माहीत आहे. पण संध्याकाळी तुमच्यासमोर काय होतं? लंगडणारा पाय. पावसाळ्यात असा पाय काट्याने, गांधीलमाशीने, मुरगळल्याने कितीतरी वेळा सुजतो, आणि केसांत फुरशाच्या बारीक दातांची खूण डॉक्टरलाही चटकन सापडत नाही. ‘सापाचं विष’ हे पहाटे कळलेलं उत्तर तुम्ही संध्याकाळच्या स्वतःला विचारताय. एक कागद घ्या, डावीकडे वेळ लिहा, मधे तेव्हा दिसलेलं लक्षण, उजवीकडे तेव्हा तुम्ही केलेलं. चौथ्या रकान्यात त्या घटकेला जवळचा दवाखाना उघडा होता का आणि प्रतिविष तिथे होतं का, तेही. हे डोक्यात करू नका, डोक्यात वेळा सरमिसळतात आणि दोष वाढत जातो. कागदावर एखादी ओळ खरोखर चुकीची निघाली तर ती एक ओळ तुमची. बाकीच्या नाहीत.

पुढच्या जनावरासाठी : सूज वाढते आहे असं वाटलं की तिच्या कडेला पेनाने रेघ मारा आणि पंधरा मिनिटांनी परत बघा. रेघ ओलांडली तर काटा समजून थांबू नका. कुत्र्याला चालवू नका, उचलून न्या. आवळपट्टी, जखमेला चीर देणं, तोंडाने विष ओढणं, पाला काहीही नको. निघण्याआधी फोन करून दोनच प्रश्न विचारा : डॉक्टर आहेत का, सापाचं प्रतिविष आहे का. माणसांना देतात तेच नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवरचं प्रतिविष कुत्र्यांना चालतं. मात्रा वजनावर ठरत नाही, शिरलेल्या विषावर ठरते, म्हणून दहा किलोच्या कुत्र्यालाही ‘थोडंसं’ देऊन भागत नाही. साप दिसला नसेल तर डॉक्टर कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत दोन मिली रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवतात. नळी आडवी केल्यावर रक्त पातळच राहिलं तर विष रक्तात गेलंय.

सात वर्षांच्या मुलाला आम्ही सांगितलं की ब्राउनीला मामाकडे पाठवलंय. आता तो रोज मामाला व्हिडिओ कॉल करून ब्राउनी दाखव म्हणतो. – राजापूर

आज संध्याकाळीच सांगा, आणि ज्याने खोटं सांगितलं त्यानेच सांगावं. मामाच्या गळ्यात हे काम घालू नका. वाक्यं छोटी ठेवा : “ब्राउनी मामाकडे नाही. तिचं पोट खूप आजारी होतं, औषधाने बरं झालं नाही आणि ती मेली. तुला वाईट वाटेल म्हणून आम्ही खरं सांगितलं नाही. तसं करायला नको होतं.” एवढंच. ‘झोपली’ म्हणू नका, काही मुलं मग स्वतःच झोपायला घाबरतात. ‘देवाला आवडली’ म्हटलं की पुढचा नंबर आजीचा का, असं पोर विचारतंच.

सहा-सात वर्षांच्या मुलाला मेलेलं परत येत नाही हे कळू लागलेलं असतं, पण कारणांची गल्लत होते. मी तिला ओरडलो म्हणून ती मेली, असं त्याच्या डोक्यात असू शकतं आणि ते तो बोलणार नाही. तुम्हीच म्हणा : “तू रागावलास म्हणून कुणी मरत नाही.” तोच प्रश्न तो चार दिवस विचारेल. दरवेळी तेच उत्तर द्या, नवीन सजावट करू नका. पुरलेली जागा बघायची म्हणाला तर न्या. रडून झाल्यावर दहा मिनिटांत तो क्रिकेट खेळायला पळाला तर ‘याला काहीच नाही’ असं समजू नका, मुलांचं दुःख असंच तुकड्यातुकड्यांनी येतं. महिना उलटूनही शाळेला नकार, रात्री अंथरूण ओलं होणं, जेवण तुटणं चालू राहिलं तर मात्र बालरोगतज्ज्ञांशी बोला.

बारा वर्षांच्या कुत्रीची किडनी गेलीय. सलाईन लावलं की दोन दिवस बरी, मग परत उलट्या. डॉक्टर म्हणतात इंजेक्शन देऊन सोडवा. घरात दोन तट पडलेत. निर्णय कसा घ्यायचा, आणि त्या वेळी नेमकं काय होतं? – वेंगुर्ले

तट पडतात कारण प्रत्येक जण वेगळा दिवस बघून बोलतो. सकाळी तिने शेपूट हलवली ती एकाने पाहिली, रात्रीची उलटी दुसऱ्याने पुसली. अमेरिकी पशुवैद्यक अ‍ॅलिस विलालोबोस यांनी यासाठी एक मोजपट्टी केली आहे, ती उपयोगी पडते. सात गोष्टींना प्रत्येकी ० ते १० गुण द्यायचे : वेदना आणि श्वास, भूक, अंगातलं पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. जास्त गुण म्हणजे स्थिती बरी. बेरीज ३५ च्या वर असेल तर सांभाळत राहण्यात अर्थ आहे. घरातल्या प्रत्येकाने एकमेकांना न दाखवता, आठवडाभर, ठरलेल्या वेळी गुण लिहावेत. सलाईनच्या दुसऱ्या दिवशीचा आकडा तेवढाच धरू नका, तो फसवतो. किडनीच्या आजारात तोंडात व्रण पडतात आणि मळमळ सतत असते. ती ओरडत नाही म्हणून दुखत नाही, हा हिशेब चुकीचा आहे.

आमचं मत विचाराल तर शेवटाची वाट बघत बसण्यापेक्षा दिवस आधी ठरवलेला बरा. ‘अजून एक सलाईन’ करता करता शेवट बहुधा मध्यरात्री, झटके येऊन, डॉक्टर नसताना होतो.

डॉक्टरांना आधीच विचारा की गुंगीचं इंजेक्शन पहिलं देणार ना. ते स्नायूत देतात, दहा-पंधरा मिनिटांत ती गाढ झोपते. मग पुढच्या पायाच्या शिरेतून भुलीच्या औषधाची मोठी मात्रा जाते आणि काही मिनिटांत हृदय थांबतं. गुंगी न देता शुद्धीत असलेल्या जनावराला नुसतं मॅग्नेशियम सल्फेट द्यायचं म्हणत असतील तर नाही म्हणा. पशुवैद्यकशास्त्राला ते मान्य नाही. डोळे उघडेच राहतात, मिटवले तरी उघडतात. लघवी-शी होते, म्हणून खाली प्लॅस्टिक आणि त्यावर टॉवेल पसरा. हृदय थांबल्यावरही एक-दोन खोल उसासे, कातडीची थरथर दिसू शकते. ते पाहून ‘जिवंत होती’ असं वाटून लोक वर्षभर झुरतात. ती मेंदू बंद झाल्यानंतरची स्नायूंची हालचाल असते, तिला तेव्हा काही जाणवत नाही. डॉक्टर स्टेथोस्कोप लावून खात्री करतील, तोवर जवळ बसून राहा.

घरी, तिच्या नेहमीच्या पडवीत हे करणं शक्य असेल तर उत्तम. जवळ कोण थांबणार हे ज्याचं त्याने ठरवावं, थांबला नाही त्याला नंतर बोलू नये. खड्डा मात्र पूर्ण खोल हवा. अशा औषधाचं शरीर उकरून खाल्लं तर कोल्ह्यांना आणि गिधाडांना विषबाधा होते.

आठ दिवसांपूर्वी कुत्रा खेळता खेळता धाकटीला चावला. काल तो लाळ गाळत, लटपटत मेला. त्याला लस दिली होती. – महाड

हे वाचताच निघा. चावल्यापासून दहा दिवसांत कुत्रा मेला तर तो रेबीजच धरायचा, लस दिलेली असली तरी. जखम नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा, आठ दिवसांनीही धुवा. सरकारी दवाखान्यात कातडीत देतात ती लस ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी असते. रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं, ते आहे का हे विचारून घ्या. ज्यांच्या ओरखड्यांवर किंवा तोंडात त्याची लाळ गेली त्यांनीही दाखवावं. नुसतं पाठीवरून हात फिरवला असेल तर लसीची गरज नाही. शरीर उघड्या हाताने हलवू नका, आणि पुरण्याआधी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

गणपतीच्या आदल्या दिवशी कुत्रा गेला. सुतक लागतं का? – मालवण

सुतक नात्यातल्या माणसांचं. घरचं जनावर गेल्यावर ते पाळायची रीत नाही. गणपती आणा. अवघड जातं ते वेगळंच : आरतीला येणारा प्रत्येक जण “कुत्रो खंय?” विचारतो आणि घरातली रोज दहादा नव्याने रडतात. उत्तर द्यायला एक माणूस नेमा, शक्यतो शेजारचा. आणि कुणी “कुत्रोच तो, दुसरो हाडूया” म्हणालं तर त्याच्याशी वाद घालत बसू नका, पण त्याच्या बोलण्याने रडणं थांबवूही नका.

दोन कुत्रे होते. एक गेल्यापासून दुसरा जेवत नाही. – मुरुड

२०२२ साली इटलीत दोन कुत्रे पाळणाऱ्या ४२६ मालकांची पाहणी प्रसिद्ध झाली. जोडीदार गेल्यावर मागे राहिलेल्याच्या वागण्यात फरक पडला, असं ८६ टक्क्यांनी सांगितलं. तेव्हा तुमचं निरीक्षण बरोबर आहे. पण दुःख म्हणून सोडून देण्याआधी ताप बघा. गुदद्वारात थर्मामीटर, १०१ ते १०२.५ फॅरनहाइट नेहमीचा, १०३ च्या वर गेला की दवाखाना. पहिला गोचीडतापाने गेला असेल तर त्याच गोचिड्या याच्याही अंगावर आणि चिऱ्यांच्या फटींत आहेत. हिरड्या फिक्या, पोटावर लाल ठिपके, नाकातून रक्त असं काही दिसलं किंवा दोन दिवस काहीच खाल्लं नाही, तर रक्त तपासून घ्या. सगळं ठीक निघालं तर जेवणाची नि फिरण्याची वेळ पूर्वीचीच ठेवा, ताट पंधरा मिनिटांनी उचला. हाताने भरवून, तळलेला बांगडा दाखवून लाड सुरू केलेत तर तो न जेवणंच शिकेल.

रात्री खळ्यात बांधलेला कुत्रा बिबट्याने नेला. सकाळी फक्त साखळी सापडली. आई अजून रात्री दार उघडं ठेवते. – दापोली

शरीर मिळत नाही तेव्हा मन ‘कदाचित’ सोडत नाही. आईचं दार त्या ‘कदाचित’साठी उघडं आहे. बिबट्याच्या भागात ते धोक्याचंही आहे, म्हणून दाराबद्दल आजच बोला. बिबट्या गळा धरतो, जीव लवकर जातो, हे तिला सांगायला हरकत नाही. तो किती वेळ तळमळला असेल हाच प्रश्न तिला बहुधा खातोय. मग एक दिवस ठरवून साखळी, वाटी, पट्टा जिथे त्याला पुरलं असतं तिथे पुरा. खूण असली की नसण्याला जागा मिळते. रानात शोधायला रात्री जाऊ नका. वनखात्याला १९२६ वर कळवा.

कुत्रा हे बिबट्याचं नेहमीचं खाणं आहे. अकोले तालुक्यात झालेल्या, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याच्या खाण्यातला वजनाने ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. खळ्यात साखळीला बांधलेला कुत्रा पळूही शकत नाही. पुढचा पाळाल तो तिन्हीसांजेपासून उजाडेपर्यंत बंद दाराच्या आत.

आई गावी एकटी असते. तिचा कुत्रा दोन महिन्यांपूर्वी गेला. फोनवर ‘बरी आहे’ म्हणते, पण शेजारी सांगतात की चूलसुद्धा एकवेळच पेटते. गणपतीला जाताना पिल्लू नेऊ का? – मूळ गाव लांजा, सध्या डोंबिवली

पिल्लू नको, निदान न विचारता तर नकोच. पिल्लू पायात येतं, चपला पळवतं, रात्री रडतं. सत्तरीच्या बाईला त्याच्यामुळे पडून हाड मोडण्याचा धोका आहे. गणपतीत तर घरात गर्दी, फटाके, आणि तुम्ही आठवड्यात परत. ते काम तिच्या अंगावर टाकून येणं झालं.

चूल एकवेळ का, ते लक्षात घ्या. दुसऱ्या वेळचा भात ती बहुधा कुत्र्यासाठी टाकत होती आणि त्यातच स्वतः जेवत होती. त्याच्यामुळे ती सकाळी उठून दार उघडत होती, संध्याकाळी पाणंदीपर्यंत जात होती, रात्री निर्धास्त झोपत होती. गेलं ते एवढं सगळं. ‘कशी आहेस’ विचारू नका, ‘आज दुपारी काय केलंस, रात्री कोण होतं’ विचारा. संध्याकाळच्या जेवणाला शेजारणीची सोबत लावून द्या, खळ्यात दिवा बसवा, दाराची कडी बघा. आणि कुत्र्याचं नाव घ्या. तुम्ही ते टाळताय म्हणून तीही टाळत असेल.

झोप-जेवण असंच राहिलं, वजन उतरलं, ‘आता मी कशाला’ असं बोलू लागली तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. टेली-मानस ही सरकारची मोफत सेवा १४४१६ वर चोवीस तास असते, मराठीतून बोलता येतं. तिच्या वतीने आधी तुम्हीही फोन करू शकता.

तिनेच पुढे कुत्रा हवा म्हटलं तर गावातलाच तीन-चार वर्षांचा, तिच्या ओळखीचा, शांत कुत्रा बघा आणि आधी आठवडाभर दिवसा येऊ-जाऊ द्या. जुना पार्व्होने गेला असेल तर पिल्लू वर्षभर नकोच. तो विषाणू जमिनीत महिनोन्‌महिने टिकतो. फरशीवर एक भाग ब्लीचला तीस भाग पाणी घेऊन दहा मिनिटं ओलं ठेवलं तर तो मरतो, पण शेणाने सारवलेल्या जमिनीवर ब्लीचचा जोर शेणातच संपतो. मोठा, पूर्ण लसी झालेला कुत्रा अशा घरात चालतो. लसीचं कार्ड नसेल तर आणण्याआधी दोन आठवडे पार्व्हो-डिस्टेंपरची आणि रेबीजची लस टोचून घ्या, आणि ती तारीख आईच्या कॅलेंडरवर तुम्ही लिहून द्या.